कुंडीतील अनंताची नवी पाने पिवळी-पांढरी पडत आहेत : नेमके कारण कसे शोधावे?

बाल्कनीतली बाग (पाथर्डी फाटा, नाशिक), २३ मार्च

नमस्कार. आमच्याकडे अनंताचे एक झाड कुंडीत आहे आणि ते डोळ्यांदेखत खंगत चालले आहे, म्हणून आपणा सर्वांचा सल्ला हवा आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही पंचवटीत भाड्याने राहत असताना ते रोप आणले होते. तिथे दोन उन्हाळे ते उत्तम फुलले. सासूबाई रोज सकाळी देवाला त्याचे एक फूल वाहत असत आणि राहिलेल्या फुलांचा वास रात्रीपर्यंत घरभर असे. गेल्या जूनमध्ये आम्ही पाथर्डी फाट्याजवळ स्वतःच्या घरात आलो. झाड साडेतीन फूट उंच आहे, कुंडी मातीची, चौदा इंची आहे आणि बाल्कनी पूर्वेकडची असल्यामुळे सकाळी अकरापर्यंत ऊन मिळते.

दिवाळीत कुंडी लहान पडते असे वाटल्याने मोठी कुंडी घेतली आणि निफाड तालुक्यातील माझ्या माहेरच्या शेतातून काळी माती आणून भरली. जानेवारीपासून पाने पिवळी पडू लागली. आधी थंडीमुळे असेल असे समजून थांबलो, परंतु फेब्रुवारीत थंडी सरल्यावर आलेली पालवी आणखीच फिकी निघाली. आता शेंड्याची काही पाने जवळजवळ पांढरी आहेत आणि त्यांच्या कडा करपल्या आहेत. कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की गळून पडतात. एका बाजूची एक फांदी तर पूर्णच वाळली आहे.

आतापर्यंत एप्सम सॉल्ट दोनदा दिले, १९:१९:१९ खत एकदा दिले, निंबोळी तेल फवारले, अंड्यांची टरफले कुटून घातली आणि गावाकडून आणलेली चुलीतली राख दर पंधरा दिवसांनी मूठभर टाकत आहे. पाणी रोज सकाळी देते. कशाचाच उपयोग झालेला नाही. सासूबाई रोज झाडाजवळ उभ्या राहतात आणि काही न बोलता आत जातात. हा रोग आहे, कीड आहे की खताची कमतरता आहे, हे कसे ओळखावे?

अंगणवेल (गंगापूर रोड), २३ मार्च

ताई, सर्वप्रथम एक विनंती. पुढचे निदान होईपर्यंत झाडाला पाण्याखेरीज काहीही देऊ नका. तीन महिन्यांत तुम्ही पाच उपाय केलेत. त्यांपैकी कोणत्याने काय झाले हे आता झाडाकडे पाहून सांगणे कठीण आहे, आणि राखेबद्दल तर मला खरोखर काळजी वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

पिवळ्या पानाचे कारण शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा की कोणते पान आधी पिवळे पडले, जुने की नवे. काही अन्नद्रव्ये झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. नत्र आणि मॅग्नेशियम ही तशी द्रव्ये आहेत. त्यांची टंचाई झाली की झाड बुडातल्या जुन्या पानांतून ती काढून घेते आणि शेंड्याला देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर ते पान सरसकट पिवळे होते, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांच्या मधला भाग पिवळा होतो. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह झाडाला सहसा तिथून हलवता येत नाही. त्यामुळे मुळांकडून नवे लोह येणे थांबले की जुनी पाने हिरवी राहतात आणि नवी पालवी पिवळी निघते, तीही अशी की पानाच्या पिवळ्या पार्श्वभूमीवर शिरांची हिरवी जाळी अगदी बारकाईने काढल्यासारखी दिसते. टंचाई वाढत गेली की जाळीसुद्धा पुसट होते, पान पांढुरके पडते आणि कडा करपतात. तुम्ही केलेले वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळते. तसे असेल तर एप्सम सॉल्टचा उपयोग का झाला नाही हेही समजते, कारण ते मॅग्नेशियमचे औषध आहे.

मात्र वर्णनावरून निदान पक्के करू नये. आज संध्याकाळी एवढे पाहा. शेंड्यापासून पाचवे-सहावे पान आणि अगदी शेंड्याचे पान शेजारी धरून पाहा आणि शिरा हिरव्या आहेत का ते लिहा. एका फांदीखाली पांढरा कागद धरून ती दोनदा झटका. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर लाल कोळी आहे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण आहे. शेवटी कुंडीतली चमचाभर माती वाळवून, बशीत पसरून, तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाका आणि कान जवळ नेऊन पाहा.

आणखी एक विचारते. पंचवटीतल्या घरी पाणी नळाचे होते का, आणि आता कोणते आहे?

बाल्कनीतली बाग, २४ मार्च

आपण सांगितल्याप्रमाणे सगळे पाहिले. बुडाची पाने गडद हिरवी आणि चकचकीत आहेत, वरची पिवळी आहेत आणि अधल्यामधल्या पानांवर हिरवी जाळी स्पष्ट दिसते. कागदावर धूळ पडली, पण हलणारे काही नव्हते. पिठ्या ढेकूणही दिसला नाही. मातीवर व्हिनेगर टाकताच बारीक बुडबुडे आले आणि सोडावॉटरची बाटली उघडल्यावर येतो तसा चुरचुर आवाज आला. माती निरखून पाहिली तर तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे आहेत, जे मला आजवर दिसलेच नव्हते. टरफले त्या चमच्यात येऊ नयेत म्हणून मी माती खोलातून घेतली होती.

पंचवटीत महापालिकेचे नळाचे पाणी होते. इथे पिण्यापुरते नळाचे येते, बाल्कनीच्या नळाला मात्र इमारतीच्या बोअरचे पाणी आहे. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर चढला आहे.

बागाईतदार (दिंडोरी तालुका), २४ मार्च

ताई, आमची द्राक्षबाग आहे, अनंताचा मला अनुभव नाही, पण तुम्ही लिहिलेले चित्र आम्ही शेतात पाहिलेले आहे. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाचे शेंडे असेच पिवळे पडतात, भुईमूग पडतो, ऊस तर पांढरा पडतो आणि त्याला ऊसवाले ‘केवडा पडला’ असे म्हणतात. (आमच्याकडे द्राक्षात केवडा म्हणतात तो बुरशीचा रोग, त्याच्याशी याचा संबंध नाही.) तुमच्या मातीतले पांढरे खडे चुनखडीचे आहेत. आम्ल पडले की चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तुम्ही ऐकलात. मृदा तपासणारे लोक शेतात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून हीच परीक्षा करतात.

आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते. म्हणजे तुमच्या कुंडीत लोहाची कमतरता मुळीच नाही, ते मुळांना घेता येत नाही एवढेच. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) एकाने वाढला की तिच्यातील फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. अनंताला सामू साधारण ५ ते ६ च्या दरम्यान लागतो, तर चुनखडीची माती ८ च्या आसपास असते. जो लोहाने भरलेल्या मातीत उभा आहे त्यालाच लोह मिळत नाही, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागतो, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आता पाण्याचे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. कुंडीत पाणी सुकले की तेच चुन्याच्या रूपाने मागे राहते. हिशेब करून पाहा. समजा पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम चुन्याइतकी अल्कता आहे आणि तुम्ही रोज दीड लिटर पाणी घालता, तर दोनशे दिवसांत ९० ग्रॅम चुना त्या एका कुंडीत गेला. थोडा निचऱ्यावाटे निघून गेला असेल, पण उरलेला तिथेच आहे. त्यावर राख, जी स्वतःच अल्कधर्मी असते. टरफले सावकाश विरघळतात, त्यांचा वाटा लहान आहे, पण तेही कॅल्शियम कार्बोनेटच. तुमचे सगळे उपाय प्रेमाने केलेले असले तरी एकाच बाजूला वजन टाकत गेले.

निदान पक्के करण्याची एक जुनी परीक्षा सांगतो. नळाच्या एक लिटर पाण्यात आधी चिमूटभर लिंबूसत्व आणि मग दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे क्षार) विरघळवा. त्यात मऊ कुंचला बुडवून एका पिवळ्या पानाची फक्त उजवी अर्धी बाजू संध्याकाळी ओली करा, डावी कोरडी ठेवा. असे तीन पानांवर करा आणि पानांना दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांत उजवी बाजू हिरवी होऊ लागली तर कारण लोहच आहे. पूर्ण पांढरी झालेली पाने यासाठी घेऊ नका, जरा जीव असलेली घ्या. बोअरच्या पाण्यात हिराकस टाकू नका, पाणी थोड्याच वेळात गंजासारखे तांबूस होते, म्हणजे लोह झाडाला मिळण्याआधीच वाया गेलेले असते. फरशीवर थेंब पडू देऊ नका, डाग निघत नाहीत.

मूळशोध (मखमलाबाद), २५ मार्च

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरीही एक मुद्दा राहून जाऊ नये असे वाटते. लोहाच्या टंचाईने एका बाजूची पूर्ण फांदी सहसा वाळत नाही. संपूर्ण झाडाचे शेंडे फिके पडणे आणि एकच फांदी वाळणे या दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात आणि दुसरीचे कारण बहुधा मातीखाली सापडेल.

कुंडीत निव्वळ काळी माती भरली की ती पाण्याने फुगते, हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि वाळली की आक्रसून कडेने भेग पडते. रोज पाणी घातल्यावर आत सतत ओल राहते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि गुदमरलेले मूळ लोह घेऊ शकत नाही, मातीचा सामू कितीही चांगला असला तरी. म्हणजे पानांवर तेच चित्र निव्वळ जास्त पाण्यामुळेही उमटू शकते. केवळ औषध घालून पाने हिरवी करण्याच्या मागे लागलो आणि मुळे कुजत राहिली तर झाड हातचे जाईल.

म्हणून, ताई, अर्ध्या पानाची परीक्षा चालू असतानाच झाड एकदा कुंडीतून बाहेर काढून पाहा. आदल्या दिवशी पाणी देऊ नका. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असते. कुजलेले मूळ गडद, मऊ असते, वास येतो आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत राहणारे अतिसूक्ष्म कृमी) आहेत, अनंताला त्यांचा त्रास होतो. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे ना, तेही पाहा.

बाल्कनीतली बाग, ४ एप्रिल

उशिराबद्दल क्षमस्व. मुलांच्या परीक्षा चालू होत्या.

आधी पानांचे सांगते. तीन पानांपैकी दोन पानांची उजवी बाजू स्पष्ट हिरवी झाली आहे आणि मधल्या शिरेच्या डावीकडे पिवळा रंग तसाच आहे. एखाद्या कापडाचे अर्धेच टोक रंगात बुडवावे तसे ते पान दिसते. जिथे कुंचल्याचे पाणी ओघळले तिथे शिरेपलीकडेही एक हिरवी रेघ उतरली आहे. तिसरे पान गळाले. सासूबाईंना ते अर्धे हिरवे पान दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा आणून पाहिले.

मुळांचे मात्र बरे नाही. यजमानांनी आणि मी मिळून झाड बाहेर काढले. तळाच्या छिद्रावर मी खापरी ठेवली होती, ती चिखलात रुतून छिद्र बंद झाले होते आणि तळाची तीन-चार बोटे माती चिखलासारखी होती. त्याहून आश्चर्य म्हणजे अगदी मध्यभागी नारळाएवढा लाल, चिकट मातीचा गोळा निघाला, जो रोपवाटिकेतून आणताना पिशवीत होता तोच असावा. तो आतून ठणठणीत कोरडा होता, भोवती ओल असूनही. वाळलेल्या फांदीच्या बाजूची मुळे काळी होती आणि साल आपण लिहिल्याप्रमाणे मोज्यासारखी निघाली. दुसऱ्या बाजूला पांढरी मुळे भरपूर आहेत. गाठी दिसल्या नाहीत. बॅटरीच्या शुद्ध पाण्यात माती कालवून कागदी पट्टीने सामू पाहिला, रंग ८ आणि ८.५ च्या मधला आला.

सध्या झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले आहे. पुढे काय करावे, लवकर सांगावे.

अंगणवेल, ४ एप्रिल

ताई, आजच लावून टाका. तो लाल गोळा काठीने हळूहळू मोकळा करा. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलात तर सुटेल, ओढाताण करू नका. चिकट मातीच्या गोळ्याभोवती वेगळी माती भरली की पाणी कडेने निघून जाते आणि गोळा कोरडाच राहतो, हे मी कितीतरी रोपांत पाहिले आहे. मूळशोध यांनी आग्रह धरला नसता तर आपण सर्व जण हा गोळा न पाहताच लोह देत बसलो असतो.

काळी मुळे स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून टाका. काळी माती झटकून, उरलेली नळाच्या पाण्याने धुऊन काढा. नवे मिश्रण करताना कोकोपीट दोन वाटे, पूर्ण कुजलेला पालापाचोळा दोन वाटे आणि निचऱ्यासाठी परलाइट किंवा भाताचे तूस एक वाटा घ्या. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. वाळू घालणार असाल तर तिच्यावरही आधी व्हिनेगर टाकून पाहा, कारण शिंपल्याचे तुकडे असलेली वाळू फसफसते. मुळे कमी झाली आहेत, म्हणून कुंडी मोठी नको, बारा इंची पुरेशी आहे. चौदा इंची पुन्हा वापरायचीच असेल तर आतला पांढरा थर घासून काढावा लागेल, म्हणून नवीच घ्या. आहेत त्या कळ्या खुडून टाका, मन घट्ट करून. तीन आठवडे थेट ऊन नको आणि खत अजिबात नको.

पाणी नळाचे द्या. इमारतीत पाणी मृदू करणारे यंत्र असेल तर त्याचे पाणी झाडाला चालणार नाही, त्यात चुन्याच्या जागी सोडियम येते. पिण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही नको, त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते, ते चालेल. रोज ठरलेल्या वेळी घालण्याऐवजी बोट दोन पेरे मातीत घालून पाहा आणि कोरडे लागले तरच द्या.

बागाईतदार, ५ एप्रिल

आमच्याकडे खरड छाटणी चालू आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. नव्या मिश्रणात पंधरा दिवसांनी ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात मुळाशी एकदा द्या. कृषी सेवा केंद्रात ईडीटीए प्रकारचे स्वस्त मिळते, ते फवारणीला ठीक आहे, परंतु सामू ६.५ च्या वर गेला की मातीत टिकत नाही. ईडीडीएचए सामू ९ पर्यंत टिकते. त्याचे पाणी डाळिंबाच्या रसासारखे गडद लाल होते, घाबरू नका. प्रकाशात ते विघटते, म्हणून संध्याकाळी द्या आणि वरून थोडे साधे पाणी सोडा. त्यानंतर वीस दिवस नव्या पालवीकडेच लक्ष ठेवा. जी जुनी पाने आता पांढरी आहेत ती बहुतेक हिरवी होणार नाहीत, त्यांवरून उपाय चुकला असे समजू नका.

बाल्कनीतली बाग, १७ मे

नमस्कार. आपण सांगितलेले सर्व केले. लावल्यानंतर पहिले दहा दिवस झाडाने निम्मी पाने टाकली आणि माझा धीर सुटत चालला होता. एप्रिलच्या शेवटी तीन फांद्यांवर पालवी फुटली. पहिली जोडी पोपटी होती, दुसरी हिरवी आहे आणि काल उघडलेल्या पानांवर जुन्या पानांसारखी चकाकी आहे. पांढरी पाने तशीच आहेत, मी ती काढलेली नाहीत. कळी अजून नाही. सासूबाई आता रोज सकाळी वातानुकूलन यंत्राखालची बादली स्वतः तपासतात आणि पावसाचे पाणी साठवायला त्यांनी झाकणाचे पिंप आणवून घेतले आहे.

एकच शंका आहे. वाळलेली फांदी मी अर्ध्यावर कापली तेव्हा आत तपकिरी रंग दिसला. ती तशीच ठेवावी की बुंध्यापर्यंत काढावी?

मूळशोध, १७ मे

तशी ठेवू नये. कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि दोन-दोन बोटे खाली सरकत कापत जा. प्रत्येक कापावर लाकूड पाहा. तपकिरी कडे दिसेनासे होऊन सर्व लाकूड पांढरट-हिरवे दिसले की तिथून आणखी एक बोटभर खाली, एखाद्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या. तपकिरी रंग बुंध्यापर्यंत गेला असेल तर फांदी बुंध्याशी साफ काढा, परंतु बुंध्याची साल सोलू नका. काप उघडाच वाळू द्या, आणि पहिला पाऊस पडण्याआधी हे करा, म्हणजे जखम ओली राहणार नाही.